एकेचाळीस वाव

मासा कुठे लागला, हे कोसेउरा गावात कोणी कोणाला विचारत नसे. विचारणं असभ्यपणाचं होतं आणि खरं सांगणं वेडेपणाचं. एखाद्या पाहुण्याने विचारलंच, तर उत्तरेचा मासा दक्षिणेला सांगायचा, खोल पाण्यातला उथळ पाण्यातला सांगायचा, आणि "कसला मासा, नुसता वारा खाऊन आलो" म्हणत टोपलीवर शेवाळ ओढायचं, अशी रीत होती. पोरांना ती शिकवावी लागत नसे. बोलायला लागली की ती आपोआपच खोटं बोलत.

कुमाकिची या विद्येत गावात पहिला. वय अठ्ठावन्न, गळाने मासे धरणारा, एकट्याची होडी. इतरांच्या होड्या केंड आणि वाम घेऊन परतत, तेव्हा याच्या टोपलीत मादाई असे, लग्नाच्या ताटात शेपटी वर करून मांडतात तो लाल मासा. मादाईची जागा त्याला बापाने मरताना सांगितली होती. चाळीस वर्षांत त्याने ती बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, आणि बायकोनेही विचारली नव्हती, कारण ओतोकु चांगल्या घरची होती.

त्या दिवशी दुपारी कचेरीचा एक शिपाई आणि एक कारकून दारात उभे राहिले आणि कारकुनाने हुकूम वाचायला घेतला, तेव्हा पहिल्या चार ओळींत कुमाकिचीला भीती वाटलीच नाही. त्या नुसत्या साहेबांच्या पदव्या होत्या. पाचव्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव आलं. सहाव्या ओळीत 'नकाशा' आला, सातव्या ओळीत 'परकीय'. आठव्या ओळीत तलवार होती.

कुमाकिचीच्या हातात गळ होता. तो त्याच्या अंगठ्यात रुतला, आणि रुतला हे त्याला संध्याकाळी कळलं.

प्रकरण डॉक्टरांचं होतं. नागासाकीच्या वलंदेज, म्हणजे डच, वखारीत व्हेस्टरहोफ नावाचे एक डॉक्टर होते, गाव त्यांना बेसुतेरू म्हणे. त्यांना माशांचं वेड होतं. खाण्याचं नव्हे, खायला ते डुक्कर खात. त्यांना या समुद्रातला एकेक मासा कागदावर काढून हवा होता. चित्रकार रंग भरी, दुभाषा लिहून घेई, आणि डॉक्टर माशाचे काटे मोजत, दात मोजत, मग विचारत: याचं नाव काय, हा खातो काय, याला गळ कोणता, जाळं ओढताना गाणं कोणतं म्हणता, कोणत्या दिवशी होडी पाण्यात घालत नाही. सगळं झाल्यावर कागद उलटा करून शेवटचा प्रश्न: कुठे मिळाला, किती वाव पाण्यात?

दोन वर्षांपूर्वी ओतोकुचा उजवा डोळा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी सुईने पडदा सारला आणि तिला दिसायला लागलं. मोबदला घेईनात. मासे आण, म्हणाले. म्हणून कुमाकिचीने एका हंगामात बादल्या वाहून सतरा जातींचे सतरा मासे नेले.

समुद्रातली जागा दाखवायची कोळ्यांची रीत त्याने डॉक्टरांना दाखवली. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकमेकींच्या मागे जुळवायच्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन जुळवायच्या, आणि चारही जुळल्या की बरोब्बर खाली मासा. कागदाच्या पाठीवर त्याने कुंचल्याने डोंगर काढले आणि पसरलेल्या हातांच्या मापाने वाव सांगितले. सोळा माशांच्या त्याने सोळा खोट्या जागा काढल्या. उपकाराची जाण नव्हती असं नाही. पण मासा कुठे मिळाला असं कानावर पडल्यावर खरं बोलायला तोंडाला सवय तर हवी.

सतरावा मादाई होता. त्या दिवशी ओतोकु बरोबर होती. डॉक्टरांच्या खोलीतल्या पडद्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "अहो, यावरच्या फुलांना पाच पाकळ्या आहेत." तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठे मिळाला? आणि कुमाकिचीच्या हाताने खरे डोंगर काढले. देवळामागचा वाकडा पाइन, टकल्या डोंगराचा खांदा, जोडखडकातली फट, एकेचाळीस वाव, तळाला तांबडा शिंपल्यांचा चुरा. नंतर त्याने मनाची समजूत घातली. या माणसाला वखारीचा पूल ओलांडायला परवाना लागतो. त्याला सांगितलं काय नि भिंतीला सांगितलं काय.

आता डॉक्टर मायदेशी निघाले होते आणि त्यांच्या पेट्या उघडल्या गेल्या होत्या. शोगुनाच्या राज्यात आपला किनारा परक्याच्या हाती देणाऱ्याचं डोकं धडावर ठेवायची पद्धत नव्हती. तपासावर इसोगाई साहेब होते. त्यांनी सतराही कागदांच्या पाठींची नक्कल करून त्या नकला एका मोठ्या कागदावर ओळीने चिकटवून घेतल्या. चिकटवल्यावर किनारा दिसायला लागला. तोवर नकाशा कुठेच नव्हता. तो कचेरीतच खळ लावून तयार झाला, पण हे साहेबांना सांगणार कोण? दुभाषा आणि चित्रकार आधीच कोठडीत होते.

"सरकार," कुमाकिची जमिनीला कपाळ टेकवून म्हणाला, "ते सगळं खोटं आहे."

"असेल," कारकून म्हणाला. "उद्या सकाळी इसोगाई साहेब होडीतून स्वतः तपासणार आहेत. कागदातल्या तीन जागा. वाव जुळले तर नकाशा खरा. नाही जुळले तर तू सुटलास. वलंदेजाला फसवू नये असा काही कायदा नाही."

शिपायाला पहाऱ्यावर ठेवून कारकून गेला. शिपाई ओसरीवर बसून त्यांचाच भात खायला लागला. मागच्या बाजूला, वाळत घातलेल्या जाळ्याआड, ओतोकुने नवऱ्याला गाठलं.

"अहो, घाबरता कशाला? तुम्ही काय खरं सांगणार होय कोणाला? लग्न ठरवताना वयसुद्धा खोटं सांगितलंत."

"सोळा खोट्या सांगितल्या."

"मग झालं तर."

"मासे सतरा होते."

ओतोकुच्या हातातला डाव खाली आला. "कुठली सांगितली खरी?"

"मादाईची."

"मादाईची? माझ्या बापाने मागितली, भावाने मागितली, कोणाला दिली नाहीत, ती त्या तांबड्या केसवाल्याला? कुठे आहे तरी कुठे ती?"

कुमाकिचीने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "ते नको विचारू."

"उद्या मान जायची आहे तुमची!"

"म्हणून काय झालं?"

ती रडायला लागली. चांगल्या डोळ्यातून आणि बऱ्या झालेल्या डोळ्यातून, दोन्हींतून सारखंच पाणी येत होतं. "माझ्या डोळ्यापायी झालं हे. एका डोळ्याने काय अडलं होतं माझं? तुम्ही अर्धेच दिसायचात. तेवढं पुरे होतं."

पळून जावं, हा विचार कुमाकिचीच्या मनात येऊन गेला. पण गावाची वाट एकच होती, ती शिपायाच्या पायाखालून जात होती, आणि समुद्रावर पहाऱ्याच्या नावा होत्या. मग त्याने अंगणातले सतरा शिंपले गोळा केले, एकाला काजळी लावली, टोपलीत हलवले आणि डोळे मिटून तीन उचलले. काजळीचा हाताला लागला. दुसऱ्यांदा उचलले, नाही लागला. तिसऱ्यांदा लागला. चौथ्यांदा उचलायचं धैर्य झालं नाही. नागासाकीच्या पुलापाशी खांबावर ठेवलेली डोकी त्याने दोन-तीनदा पाहिली होती. त्यातला एक चेहरा अगदी ओळखीचा वाटला होता, आणि माणूस अनोळखी निघाला होता. आपलं डोकं बघून कोणाला काय वाटेल, हे त्याला आता राहून राहून सुचत होतं.

सकाळी होडी कोणाची घ्यायची हा प्रश्न आला. साहेबांना असा नावाडी हवा होता की ज्याला आरोपीबद्दल काडीचंही प्रेम नाही. सगळ्या गावाने एकमुखाने गिनपाचीचं नाव सांगितलं.

गिनपाची ओतोकुचा धाकटा भाऊ. वीस वर्षं त्याने मादाईच्या जागेसाठी दाजींचा पाठलाग केला होता. एकदा धुक्यात तो मागे लागला, तेव्हा कुमाकिचीने त्याला वाळूच्या दांड्यावर चढवून पूर्ण ओहोटीभर तिथे बसवलं होतं. तेव्हापासून दोघे सणावारी एका ताटाला बसत, पण बोलत फक्त भाताविषयी.

कुमाकिचीचे हात बांधून त्याला मधल्या फळीवर बसवलं. समोर इसोगाई साहेब, कडक इस्त्रीचे, पाठीला खांब बांधल्यासारखे ताठ. समुद्राशी त्यांचा आजवरचा संबंध सूपातल्या शेवाळापुरताच होता. शेजारी कारकून, मांडीवर दौत घेऊन. मागे वल्ह्यावर गिनपाची, पायाशी दोरीचं वेटोळं आणि शिशाचा गोळा. गोळ्याच्या बुडाला देवमाशाची चरबी चोपडलेली, तळाचा नमुना चिकटून वर यावा म्हणून. दोरीला दर पाच वावांवर निळा धागा बांधलेला.

साहेबांनी तो मोठा कागद पसरला, आणि गिनपाचीची नजर त्याच्यावर पडली. देवाची मूर्ती पहिल्यांदा उघडी पाहावी तशी त्याची मुद्रा झाली.

"वाचता येतं का रे तुला हे?" साहेबांनी विचारलं.

"अक्षर नाही येत, साहेब," गिनपाची म्हणाला. "डोंगर येतात."

कुमाकिचीची मान तर जाणारच होती, पण जाता जाता मेहुण्याला मादाईची जागा दाखवून जाणार होती.

साहेबांनी पहिलं बोट केंडावर ठेवलं. कागदावर पंचवीस वाव. गिनपाचीने खुणा जुळवल्या, गोळा टाकला, तो सहा वावांवर ठक्कन् आपटला. कारकुनाने लिहिलं. कुमाकिचीच्या छातीतली हवा एकदम बाहेर पडली आणि साहेबांनी वर पाहिलं. त्याने ती लगेच परत आत घेतली.

दुसरं बोट वामेवर. कागदावर आठ वाव. दोरी सुटत राहिली, सुटत राहिली, वेटोळं संपलं आणि गोळा तळाला लागलाच नाही.

"दाजी," गिनपाची सगळ्यांदेखत म्हणाला, "इथे वाम? इथे वामेची आजीसुद्धा कधी आली नसेल." आवाजात कौतुक होतं. कुमाकिचीला ते कौतुक विळ्यासारखं लागलं.

पाणी तळ्यासारखं होतं, तरी साहेबांचा रंग हळूहळू ओल्या शेवाळाचा होत चालला होता. "पुरे," ते म्हणाले. "माणूस खोटारडा आहे, हे उघड आहे. परत फिरव."

कुमाकिचीने डोळे मिटले. कोळ्यांच्या एबिसू देवाला एक पिंप दारू बोलला. मग दोन पिंपं बोलला.

"क्षमा असावी," कारकून फळीवर वाकून म्हणाला, "हुकुमात तीन जागा आहेत. दोनच तपासल्या तर शेरा मारता येणार नाही, आणि उद्या पुन्हा यावं लागेल."

उद्या पुन्हा, हे शब्द ऐकून साहेबांनी घाईने कागदावर बोट टेकवलं. कारकुनाने प्रत्येक जागेखाली माशाचं चित्रही उतरवून घेतलं होतं, आणि सतरात लाल चित्र एकच होतं. बोट त्याच्यावर पडलं.

गिनपाची कागदावर वाकला. त्याचे ओठ हलले. वाकडा पाइन. टकल्या डोंगराचा खांदा. जोडखडक, फट. कागदावरून त्याची नजर वर आली ती सरळ कुमाकिचीच्या चेहऱ्यावर. कुमाकिचीने मान वळवायला हवी होती. त्याला ती वळवता आली नाही. वीस वर्षं धुक्यात, पावसात, होडीच्या पाठीमागून जे दिसलं नव्हतं, ते गिनपाचीला त्या एका चेहऱ्यात दिसलं.

"हे सोपं आहे, साहेब," गिनपाची सावकाश म्हणाला आणि वल्ह्याला हात घातला.

होडी निघाली. कुमाकिची किनाऱ्याकडे तोंड करून बसला होता, त्यामुळे त्याला सगळं पाहावं लागलं. पाइन देवळाच्या छपराआडून बाहेर आला. टकल्या डोंगराच्या उतारावरून एकेक पाऊल सरकत खांद्याकडे निघाला. चाळीस वर्षं हाच पाइन सरकताना पाहून त्याला हायसं वाटायचं. आज तो खांबाकडे चाललेल्या माणसासारखा सरकत होता. ढग येऊ दे, तो मनात म्हणत होता, धुकं येऊ दे, डोंगर पडू दे. आकाश इतकं निळं होतं की पाइनच्या फांद्या मोजता येत होत्या. उजवीकडे जोडखडकांमध्ये केसाएवढी उजेडाची रेघ उमटली. ती बोटाएवढी झाली. धोतर ओलं झालं होतं ते समुद्राच्या पाण्याने नव्हे.

गिनपाचीने वल्हं थांबवलं. अगदी जिथे कुमाकिचीने थांबवलं असतं तिथेच.

त्याच क्षणी साहेबांनी होडीच्या काठावरून मान बाहेर टाकली. सकाळचा भात, सूप आणि हुद्दा, सगळं समुद्राला दिलं. कारकुनाने एका हाताने त्यांचा कमरपट्टा धरला, दुसऱ्या हातात कुंचला तयार ठेवला. गोळा पाण्यात गेला.

कुमाकिची धागे मोजत होता. एक निळा. दोन. तीन. चार झाले की पाच, पाच झाले की सहा. प्रत्येक धागा काठावरून घसरताना त्याच्या मानेवरून काहीतरी थंड घसरत होतं. सात. आठ. आठव्या धाग्यानंतर एक वाव दोरी गेली आणि सैल पडली.

एकेचाळीस.

गिनपाचीने दोरी चिमटीत धरली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलायचा मेहुणा होता आणि मरायचा दाजी. होडीत फक्त साहेबांचा आवाज येत होता, तोही काही बोलण्याचा नव्हता.

"किती?" कारकून ओरडला.

"एकोणीस वाव!" गिनपाची म्हणाला आणि भराभर दोरी ओढायला लागला.

"तळ?"

गोळा वर आला. चरबीत तांबडा चुरा गच्च बसला होता, उन्हात कुंकवासारखा. गिनपाचीने त्यावरून अंगठा फिरवला. "काळा गाळ, कारकूनसाहेब. वास घेता?"

कारकुनाने वास घेतला नाही. पण तो दोरीच्या ढिगाकडे बघत होता, आणि ढीग मोठा होता. "एकोणीस वाव ओढायला इतका वेळ लागतो?"

कुमाकिचीचं काळीज थांबलं. चालू ठेवायचं कशासाठी, हे काळजालाही कळत नसावं.

"खालून ओढ आहे ना, साहेब," गिनपाची म्हणाला. "दोरी तिरपी जाते. तिरपीचा हिशेब सोडून एकोणीस. पुन्हा टाकू का? सावकाश, नीट. तासाभरात होईल."

"नको!" काठापलीकडून साहेब ओरडले. दिवसभरातला त्यांचा हा सर्वांत स्पष्ट हुकूम होता.

परतीच्या वाटेवर साहेबांना थोडा जीव आला. तोंड पुसून त्यांनी कुमाकिचीकडे पाहिलं. "सगळंच खोटं सांगितलंस त्या माणसाला?"

गिनपाचीने मागून वल्ह्याच्या दांड्याने हळूच ढोसलं.

"सगळंच, साहेब."

"त्याने तुझ्या बायकोचा डोळा बरा केला. लाज नाही वाटत?"

"वाटते, साहेब," कुमाकिची म्हणाला, आणि ते मात्र खरं होतं.

धक्क्यावर त्याचे हात सोडले. नकाशा खोटा ठरला, त्यामुळे दुभाषा आणि चित्रकारही घरी गेले. डॉक्टरांचे मासे त्यांच्या पेट्यांत परत ठेवण्यात आले. खोटा किनारा परदेशी जाऊ द्यावा असा वरून हुकूम नव्हता, पण त्याला हरकत घेण्यासारखंही कोणाला काही दिसलं नाही. आठवड्याभरात जहाज सुटलं. सोळा खोट्या जागा आणि एक खरी, एकाच शाईत, एकाच अक्षरात, वलंदेजांच्या देशाला गेल्या.

सुटला त्या दिवशी घरी ओतोकुने पेज दिली. काड्या बाजूला ठेवून त्याने वाडगंच तोंडाला लावलं. "सुटलात की हो," ती म्हणाली. "आता कसली भीती?" मान राहिली होती, पण ती आता गिनपाचीच्या जिभेवर राहिली होती. दारू प्यायल्यावर गिनपाचीची जीभ कशी सुटते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. चार दिवस कुमाकिचीने होडी पाण्यात घातली नाही. दारात पावलं वाजली की तो जाळ्याआड जाई. एकदा शेजारीण मुळा द्यायला आली आणि हा कोठीत जाऊन बसला.

पाचव्या दिवशी घरात मासा नव्हता आणि ओतोकुने त्याला टोपली देऊन बाहेर काढलं. उजाडताना तो पाइनच्या रेषेवर पोचला. खुणा जुळायच्या जागी एक होडी आधीच उभी होती. गिनपाचीच्या पायाशी तीन मादाई तडफडत होते.

कुमाकिचीने वल्हं थांबवलं. परत फिरावं तर चोरासारखं दिसेल, पुढे जावं तर काय बोलावं सुचेना. शेवटी तो जरा दूर, खडकाच्या बाजूला सरकला आणि तिथेच दोरी सोडायला लागला.

"दाजी!" गिनपाचीने हाक मारली. "तिथे नको, तिथे गळ अडकतो. नवख्या माणसाला कळत नाही ते. इकडे या, जागा आहे."

कुमाकिचीने मान लववली. "उपकार झाले," तो म्हणाला आणि होडी जवळ आणली.

"या बाजूला सोडा. एकेचाळीसला हलकेच उचला, मग लागतो," गिनपाची म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आणि दाजी, गावात बोलू नका हं कोणाला. फार दिवसांनी मिळालीय जागा."

"नाही बोलणार," कुमाकिची म्हणाला, आणि मेहुण्याने दाखवलेल्या बाजूला, सांगितलं तसं, त्याने दोरी सोडली.